शंभर गुणांची वाटणी

नोएमी कार्दोनाला विमानं हवी होती आणि विद्यापीठानं तिला माती दिली.

झालं असं, की प्रवेशाच्या अर्जात पहिल्या पसंतीला तिनं एरोस्पेस इंजिनिअरिंग लिहिलं. दुसरा रकाना रिकामा ठेवू नये असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून तिथं मृदाशास्त्र लिहिलं, आणि विद्यापीठानं नेमक्या त्या दुसऱ्या रकान्यावर शिक्का मारला. पत्र आलं तेव्हा तिच्या आईनं, ग्रासिएलानं, ते दोनदा वाचून घेतलं. ग्रासिएला इंडियानाच्या उत्तरेला चाकांवरच्या घरांच्या कारखान्यात कपाटं बसवायची. अठरा वर्षं तेच काम, त्यामुळे बोलतानाही स्क्रू शेवटपर्यंत पिळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"तुझे आजोबा शेतातली माती झटकून देश सोडून आले," ती म्हणाली, "आणि तू फी भरून परत मातीतच चाललीस. बरं आहे बाई."

"बदलता येतं गं आई. पहिल्या सत्रात शाखा बदलता येते."

"सगळ्यांना?"

"नाही. सगळ्यांना नाही."

तरी रविवारी चर्चबाहेर कॉफी पिताना ग्रासिएलानं चार बायकांना सांगून टाकलं, की आमची नोएमी विमानांचं शिकतेय, सध्या नुसता कागद बदलायचा राहिलाय.

तो कागद बदलायची वाट म्हणजे सुईचं नाकं होती. चारपैकी सरासरी तीन पॉइंट सहाच्या खाली जाता कामा नये. 'प्रकल्प' नावाचा एक विषय असतो, त्यात बी तरी हवाच, सी आला की संपलं. एवढं जमलं तर जागा पक्की, शंभरावा हिस्सा कमी पडला तरी दार बंद. आणि हे सारं एकदाच, पहिल्या सत्राच्या अखेरीला. दुसरी खेप नाही.

विद्यापीठानं अशा सगळ्या शाखा बदलू पाहणाऱ्यांना प्रकल्पाच्या एकाच वर्गात घातलं होतं. नर्सिंगमधून, अर्थशास्त्रातून, जंगलशास्त्रातून आलेली ती पोरं. जिथं आहेत तिथं कुणालाच राहायचं नव्हतं आणि जिथं जायचं तिथं अजून कुणी घेतलेलं नव्हतं. थेट प्रवेश मिळालेली मुलं त्या वर्गाला 'वेटिंग लिस्ट' म्हणत. वर्गात बसल्यावर सगळ्यांचे गुडघे बाकाखाली हलत असायचे. नोएमीचे दोन्ही हलायचे.

तिला हिशेबाचा नाद लागला होता. एकदा सरासरी काढली की माणसानं गप्प बसावं, पण ही दर जेवणाला नव्यानं काढायची. मेसच्या कागदी रुमालावर, आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशावर, थंडीत बसच्या काचेवर. भौतिकात ए आला तर इतके, गणितात घसरलं तर तितके. रसायनशास्त्रानं ऑक्टोबरातच दगा दिला, तिथं बी ठरलेला होता. आणखी एका ठिकाणी बी येणार हे दिसत होतं. नोव्हेंबर संपेपर्यंत सगळे फाटे छाटून हिशेब एका ओळीवर आला: प्रकल्पात ए आला तर तीन पॉइंट एकसष्ट, बी आला तर तीन पॉइंट चव्वेचाळीस. एक विमानात, दुसरा मातीत.

प्रकल्पाला चौघांचा गट होता. ऑड्रा नर्सिंगमधून आलेली. तिला माणसांना सुया टोचण्यापेक्षा कृत्रिम गुडघे बनवायचे होते. कोर्टलंड अर्थशास्त्रातून कॉम्प्युटरकडे निघालेला. त्याच्या वडिलांची शिकागोजवळ दोन मजली शोरूम होती, आणि त्यालाही प्रत्येक गोष्ट विकत घेतल्यासारखी बोलायची सवय होती. चौथा वेंडल स्टट्झमन. दक्षिणेकडच्या टेकड्यांतला, जंगलशास्त्रात असलेला, आणि नोएमीसारखाच एरोस्पेससाठी रांगेत उभा. वेंडल विद्यापीठाच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवायचा. ट्यूबा म्हणजे अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळून घ्यायचा पितळी भोंगा. फुटबॉलचा हंगाम म्हणजे बँडवाल्यांची लगीनघाई, रोज दुपारी चारला मैदानात हजेरी. आणि गटाच्या बैठका पडल्या नेमक्या दुपारी चारला.

"तुला कुठलं तरी एक सोडावं लागेल बघ," कोर्टलंडनं पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितलं.

"भोंगा सोडला तर शिष्यवृत्ती जाते, भावा," वेंडल म्हणाला. "आणि तुम्हाला सोडलं तर तुमच्यासारखे लोक कुठं मिळणार?"

नऊ बैठका झाल्या. वेंडल चारांना नव्हता. नोएमीनं हे मुद्दाम मोजलं नव्हतं. तिच्या डोक्यात सगळंच आपोआप मोजलं जायचं.

त्यांना एक गाडी बनवायची होती. कुणीही हात न लावता काळ्या रेघेवरून चालायचं, चढ चढायचा, पत्र्याचा डबा वर ठेवायचा, परत खाली येऊन आखलेल्या चौकोनात थांबायचं. ऑड्रानं गाडीचं नाव ग्लॅडिस ठेवलं. ग्लॅडिस नावाच्या तिच्या मावशीला मनात येईल तेव्हा आणि मनात येईल तिथं थांबायची खोड होती म्हणे. गाडीची बांधणी नोएमीनं केली, तिला वळणं ऑड्रानं शिकवली. तारांची जोडणी कोर्टलंडकडे होती, आणि ती दर वेळी कशी कोण जाणे सुधारत जायची. आज सुटलेली तार उद्या पक्की बसलेली असायची. "बघितलंत?" कोर्टलंड म्हणायचा. "हात बसला की बसला."

नोएमीला खरं काय ते ठाऊक होतं. नोव्हेंबरच्या मध्याला एका सकाळी मेसमधल्या कामावर जाताना ती वर्कशॉपमध्ये विसरलेला कॅल्क्युलेटर घ्यायला वळली. मेसमध्ये ती सकाळच्या पाळीला अंडी फोडायची. साडेसहा वाजले होते. आत दिवा होता आणि वेंडल जमिनीवर मांडी घालून, ग्लॅडिसला उताणी करून, तिच्या तारा एकेक करून उसवत होता. शेजारी डिंक लावल्यासारखे ओघळलेले जुने सांधे पडले होते.

"हे काय करतोयस?"

वेंडल दचकला, मग हसला. "कोर्टलंडचं नेसू सोडून परत नेसवतोय. दुपारी जमत नाही ना मला, म्हणून सकाळी येतो."

"रोज?"

"रोज नाही. आठवड्यातून तीनदा. वर्कशॉप सहाला उघडतात." त्यानं तारांना डाग द्यायचा कावीया खाली ठेवला. "कुणाला सांगू नकोस हं, त्याला तर मुळीच नाही. इतका खूश असतो बिचारा. त्याच्या तोंडावर कशाला सांगायचं?"

ही त्या टेकड्यांतल्या माणसांची रीत. शेजाऱ्याचं कुंपण मोडकं दिसलं तर तो गावाला गेल्यावर गुपचूप दुरुस्त करायचं आणि वर विचारलं तर 'छे, मी कुठं' म्हणायचं. नोएमीनं कॅल्क्युलेटर उचलला, कुणाला सांगणार नाही म्हणाली, आणि खरंच सांगितलं नाही. पुढं हाच शब्द तिला किती सोयीचा पडणार होता हे तेव्हा तिला ठाऊक नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी ग्लॅडिस रेघेवरून चालली, चढ चढली, डबा ठेवला, खाली आली आणि चौकोनाच्या वीतभर अलीकडे थांबली. मावशीचं नाव राखलं तिनं. प्रोफेसर थोरसन यांनी गुडघ्यावर बसून ती वीत मोजली. पंचवीस वर्षं विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात घालवून शिकवायला आलेली ही बाई, जे मोजता येतं ते डोळ्यांवर सोडत नसे. गटाला एकोणनव्वद गुण मिळाले.

ए नव्वदपासून सुरू होतो.

त्या दुपारी चौघं मेसमध्ये तळलेल्या बटाट्यांच्या ताटाभोवती बसले. कुणी बटाट्याला हात लावत नव्हतं.

"एक मार्क," ऑड्रा म्हणाली. "एकानं मेले मी."

"मला पण नव्वद हवे होते," कोर्टलंड म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज अठरा वर्षांच्या मुलासारखा आला.

वेंडलनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तिघांनाही नव्वदच लागतात? बीवर भागत नाही कुणाचं?"

"तुझं भागतं?" नोएमीनं विचारलं.

"माझं बाकीचं बरं आहे. मला बी पुरतो. त्र्याऐंशीच्या वर असलं म्हणजे झालं." त्यानं एक बटाटा उचलला आणि विचार करत चावत राहिला.

आता वाटणी तेवढी उरली होती. या विषयात गटाचे गुण सगळ्यांना सारखे मिळत नसत. प्रत्येकाला एक फॉर्म यायचा. त्यात शंभर गुण आपल्यासकट चौघांत वाटायचे, ज्यानं जेवढं काम केलं त्याला तेवढे. सगळ्यांनी सगळ्यांना पंचवीस दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर येतात आणि गटाचेच गुण कायम राहतात. कुणाला एकशे दोन आले तर त्याचे गुण तेवढ्या टक्क्यांनी वर, अठ्ठ्याण्णव आले तर खाली. वाटणी सारखी नसेल तर कारण लिहायचं. आणि तळाशी बारीक अक्षरात एक नियम होता: वाटणी अप्रामाणिक आढळल्यास फॉर्म रद्द, आणि भरणाऱ्याची श्रेणी एक पायरी खाली.

"पंचवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस," कोर्टलंड म्हणाला. "उगाच कुणी शहाणपणा करायचा नाही. एकदा का कुणी वरखाली केलं की सगळेच ओरबाडायला लागतात. ठरलं?"

"ठरलं," ऑड्रा म्हणाली. नोएमीनं मान हलवली. वेंडल बटाटा खात होता, त्यानंही हलवली.

फॉर्म शुक्रवारी दुपारी बाराला बंद व्हायचा. त्या सकाळी नोएमीनं कामावर चौदा अंडी कवचासकट भांड्यात पाडली. तिथल्या मुख्य आचाऱ्यानं, मोठ्या मनाच्या मिस्टर डेलनी यांनी, तिला घरी पाठवलं. "जा बये, झोप काढ. अंडी कुठं पळून जात नाहीत."

ती खोलीवर आली आणि फॉर्म उघडून बसली. पंचवीस चार वेळा भरले आणि पाहत राहिली. उठली, पाणी प्यायली, परत बसली. तिच्या मनात एक आवाज होता तो अगदी शांतपणे बोलत होता. गाडीची बांधणी कुणी केली? तू. नऊच्या नऊ बैठकांना कोण होतं? तू. वेंडलला बी पुरतो, तोच म्हणाला. त्याचे दोन घेतले तर त्याचे होतात अठ्ठ्याण्णव, म्हणजे सत्त्याऐंशी गुण. बीचा बी. त्याचं काडीचंही जात नाही आणि तुझे होतात नव्वद पॉइंट अठ्ठ्याहत्तर. यात खोटं काय आहे?

आणि सकाळचं? त्याचंही उत्तर तयार होतं. तोच म्हणाला होता कुणाला सांगू नको म्हणून.

तिनं स्वतःपुढं सत्तावीस लिहिले, वेंडलपुढं तेवीस. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'नऊपैकी चार बैठकांना गैरहजर.' अक्षर न् अक्षर खरं होतं. बाराला पाच कमी असताना तिनं बटण दाबलं.

शनिवार-रविवार ती खोलीत टिकली नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखी बर्फाच्या चिखलातून फिरली, ग्रंथालयाचे तीन मजले चढली-उतरली. खोलीतल्या मैत्रिणीनं काय झालंय म्हणून विचारलं तर निकालाची धाकधूक म्हणाली. आईचा फोन आला. नाताळसाठी मक्याच्या सालांत गुंडाळून वाफवायच्या तामालेचं सारण शिजत ठेवलंय, मंगळवारी पाच वाजताची बस चुकवू नकोस म्हणाली. मग जरा थांबून, "ते कागदाचं झालं का गं?"

"मंगळवारी कळेल."

"बरं. चर्चमधल्या नेस्तोरच्या बायकोनं परत विचारलं, म्हणून."

मंगळवारी दुपारी तीनला निकाल उघडला. नोएमीला एकशे दोनची अपेक्षा होती. तिथं एकशे चार होते. श्रेणी ए.

तिला आधी आनंद झाला. खरं सांगायचं तर इतका, की ती एकटीच खोलीत टाळी वाजवून बसली. मग हिशेबाची खोड जागी झाली. स्वतःचे सत्तावीस, दोघांचे पंचवीस-पंचवीस, म्हणजे सत्याहत्तर. मग उरलेले सत्तावीस कुणाचे? निकालाखाली, नाव न देता, इतरांनी तिच्याबद्दल लिहिलेलं कारण होतं. एकच होतं: 'नऊपैकी चार बैठकांना मी नव्हतो. तेव्हा हे तिघं माझ्यासाठी थांबले. त्याबद्दल प्रत्येकी दोन.'

दार ढकलून ऑड्रा आत आली. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती. "एकशे दोन! नोएमी, मला एकशे दोन आलेत. कोर्टलंडला पण. गुडघे, बाई, गुडघे! अगं, त्या भोंगेवाल्यानं सगळ्यांना दोन-दोन वाटले. स्वतःला एकोणीसच ठेवले त्यानं. वेडा आहे का तो?"

तो वेडा नाही हे नोएमी आता जाणून होती. तिनं मनातल्या मनात मांडलं. इतर तिघांचे पंचवीस धरले आणि स्वतःचे एकोणीस, तर त्याचे चौऱ्याण्णव होतात. एकोणनव्वदाचे चौऱ्याण्णव टक्के म्हणजे त्र्याऐंशी पॉइंट सहासष्ट. बी. अठरा ठेवले असते तर त्र्याऐंशीच्या खाली गेला असता. म्हणजे त्यानं देता येतील तेवढे देऊन, अगदी काठावर आपलं पाऊल ठेवलं होतं. आपल्या तिघांवर विसंबून. आणि त्या काठावरून तिनं दोन काढून घेतले होते. ब्याण्णव. एक्क्याऐंशी पॉइंट अठ्ठ्याऐंशी. सी.

फोनवर गटाच्या ग्रुपमध्ये त्याचा निरोप आलाच: 'सगळ्यांचं अभिनंदन. माझं गणित जरा चुकलं, मी राहिलो. काही हरकत नाही, जंगलात झाडं तरी असतात.'

"चुकलं?" ऑड्रा म्हणाली. "अरेरे. त्यानं नीट मोजायला हवं होतं ना."

नोएमी कोट अडकवून निघाली ती तडक प्रोफेसर थोरसन यांच्या खोलीत. तीन वाजून गेले होते. थोरसन सफरचंद कापून खात होत्या. तिनं सगळं सांगितलं, सकाळच्या कामासकट. थोरसन यांनी ऐकून घेतलं, मग चार फॉर्म समोर मांडले.

"स्टट्झमन चार बैठकांना नव्हता. हे तू लिहिलंस, आणि त्याच्या स्वतःच्या फॉर्मवरही तेच आहे. दोन फॉर्मवर एकच गोष्ट. म्हणून मी तुझी वाटणी मान्य केली. तू लिहिलंस ते खोटं आहे का, कार्दोना?"

"नाही. पण पुरं नाही. तुम्ही ते बदलून पंचवीस-पंचवीस करा ना, प्रोफेसर."

"निकाल पाहून झाल्यावर फॉर्म बदलता येत नाही. तसं केलं तर उद्या दारात रांग लागेल." त्यांनी सुरी पुसली. "माझ्यापुढं दोनच रस्ते आहेत. एक, फॉर्म प्रामाणिक होता आणि तुला आता वाईट वाटतंय. वाईट वाटण्यावर माझ्याकडे नियम नाही, निकाल आहे तसा राहील. दोन, लिहिताना तुला ठाऊक होतं की त्यानं त्याचं काम केलंय. तर फॉर्म रद्द, त्याचे दोन गुण त्याला परत, आणि तुझा ए खाली उतरून बी."

"म्हणजे माझी जागा—"

"तुझ्या सरासरीचा हिशेब तू माझ्यापेक्षा चांगला करत असशील. पाचपर्यंत मी इथं आहे. पाचला निकाल वर जातो. मग माझ्याही हातात काही नाही."

नोएमी बाहेर आली. थोरसन ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती बँडच्या इमारतीकडे चालू लागली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. माणूस देवळात का जातो तसंच काहीसं. तिथं कुणीतरी 'असू दे' म्हणेल अशी आशा असते.

वेंडल एकटाच होता. ट्यूबाच्या वळणांत साचलेलं पाणी काढून तो पेटीत ठेवत होता.

"तुझं गणित चुकलं नव्हतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे." त्यानं वर पाहिलं नाही. "'नऊपैकी चार' असं मोजून लिहिणारी आपल्यात एकच आहे."

"मग गटात तसं का लिहिलंस?"

"काय लिहू? ऑड्रा नाचत होती तिकडं." त्यानं पेटीचं झाकण लावलं. मग मात्र पाहिलं. "चार बैठकांना मी नव्हतो, कबूल. तेवढ्याबद्दल मी स्वतःच माझे कापून घेतले. पण तू मला पाहिलं होतंस, नोएमी. कोर्टलंडनं लिहिलं असतं तर मला काही वाटलं नसतं. त्याला माहीतच नव्हतं."

"तूच म्हणालास कुणाला सांगू नको."

"हो. कोर्टलंडचं मन राखायला."

नोएमीनं थोरसन यांनी सांगितलेले दोन रस्ते घाईघाईनं त्याला सांगितले. "मी जाऊन सांगू शकते. पण मग माझं जातं, वेंडल. कायमचं. तू म्हण, मी काय करू?"

वेंडल पेटीवर बसला. त्याचे कान लाल झाले होते. इतका वेळ दाबून धरलेला राग आता त्याच्या बोलण्यात उतरला.

"हे मला विचारतेस? मी 'जा' म्हटलं तर तुझं नुकसान माझ्यामुळं. 'जाऊ नको' म्हटलं की तू सुटलीस, आणि वर मीच मोठ्या मनाचा. दोन्हीकडून ओझं माझ्याच डोक्यावर. आधीच वीस किलोचा भोंगा वाहतो मी." तो उठला. "माझ्याकडं होतं तेवढं मी वाटून बसलोय, बाई. आता देण्यासारखं काही नाही."

त्यानं पेटी उचलली आणि दाराला कोपर लावून बाहेर गेला. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

नोएमी रस्त्यावर आली. डावीकडे बसथांबा, उजवीकडे थोरसन. ती डावीकडे वळली. दहा पावलं गेली, थांबली. तिनं स्वतःला समजावलं की वेंडल हुशार आहे, तो कुठंही चमकेल. तिला फक्त हेच हवं होतं, लहानपणापासून. कारखान्यात उभं राहून आईच्या पायांच्या शिरा वर आल्यात, चर्चबाहेर चार बायका वाट पाहतायत. एकेक कारण खरं होतं. मग तिच्या लक्षात आलं, की शुक्रवारी फॉर्म भरतानाही प्रत्येक कारण असंच खरं होतं. तिला स्वतःचा कंटाळा आला. इतका, की तो कंटाळा घेऊन चार वर्षं विमानं शिकायची कल्पनाच तिला सहन होईना.

ती धावत गेली असं नाही. पाय ओढतच गेली. जाताना अर्ध्या वाटेत आणखी दोनदा थांबली, आणि पाचला पाच मिनिटं कमी असताना तिनं दार वाजवलं.

"ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "लिहिताना ठाऊक होतं."

थोरसन यांनी फॉर्म पुढं सरकवला, पेन दिलं. "कारणाच्या रकान्यात लिही. तुझ्या हातानं लागतं."

नोएमीनं आपल्या जुन्या ओळीखाली लिहिलं: 'तो सकाळी येऊन काम करायचा. मी त्याला पाहिलं होतं.' सही केली. थोरसन यांनी वाचलं, शिक्का मारला, तारीख घातली. शाबासकी दिली नाही, उपदेशही केला नाही. "जिना जपून उतर, ओला आहे," एवढंच म्हणाल्या.

आपल्याला हलकं वाटेल अशी नोएमीची समजूत होती. तसं काही झालं नाही. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला पश्चात्ताप झाला, पहिल्यावर आल्यावर रडू आलं. खाली दारापाशी तर परत वर पळत जाऊन तो कागद फाडावा असं इतकं वाटलं, की तिनं कठडा धरून ठेवला. बाहेर आली तेव्हा पाचची बस गेलेली होती.

सातच्या बसची वाट पाहत ती थांब्यावरच्या काचेच्या खोपटात बसली. फोनवर वेंडलचा निरोप आला. तिला एकटीला. 'थोरसननं निकाल बदलला. बी.' पुढं काही नव्हतं. आभार नव्हते, तसे ते असायचं कारणही नव्हतं. तिनं 'अभिनंदन' लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि पाठवलं.

मग आईला फोन लावला. मागं भांड्यांचा आवाज होता, मावशी कुणालातरी मक्याची सालं भिजवायला सांगत होती.

"बस चुकली, आई. सातच्यानं येते."

"चुकली कशी? परवापासून सांगतेय मी." ग्रासिएलानं फोनवर हात ठेवून कुणाला तरी गप्प केलं. आवाज खाली आला. "त्या कागदाचं काय झालं गं?"

"नाही झालं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. ग्रासिएला बोलली ती अगदी हळू, इतक्या हळू ती कधी बोलत नसे.

"जाऊ दे, पोरी. तू काय कमी राबलीस का? मार्क कमी पडले असतील."

हो म्हणणं किती सोपं होतं. नोएमीनं काचेवर साचलेल्या वाफेवर तळहात फिरवला.

"नाही आई," ती म्हणाली. "मार्क पुरले होते."